रोजचं शून्य

"मॅडम, आज सासूबाई फुगल्या होत्या," शबानाताई मुलाणी म्हणाल्या. टोपी, मुखपट्टी आणि पांढऱ्या झग्यातून त्यांचे फक्त डोळे दिसत होते, आणि ते हसत होते.

ऋजुता सबनीसने तपमानाच्या आलेखावरची नजर न काढता विचारलं, "का बरं?"

"माझंच चुकलं. पाटी आडवी लागली हातून, खुणेचा कोपरा उजवीकडे गेला. दोन ठिपके आले पडद्यावर, एक पांढरा, एक काळा. मग ध्यानात आलं. काढली, सरळ लावली, आलं शून्य. वहीत लिहिलंय तसं, नंतर म्हणाल लपवलं."

"बरं केलंत," असं म्हणून ऋजुता दोन पावलं पुढे गेली आणि थांबली.

"शबानाताई, काळा म्हणजे कसा काळा?"

"काळ्यातला काळा. भोक पडल्यासारखा."

शिरवळजवळच्या कातळावर उभ्या असलेल्या त्या कारखान्यात चिप बनत नसत. चिप छापण्याचे मास्क बनत. मास्क म्हणजे ठसा. ठशात एक चूक असली की ती प्रत्येक छापात उतरते. ही नक्षी इतकी बारीक असते, की ती छापायला साधा प्रकाश जाड पडतो. तिथे लागतो साडेतेरा नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा प्रकाश, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाहून चाळीस पट आखूड. हा प्रकाश काचेतून जात नाही, हवेतूनही जात नाही. वाटेत जे येईल त्यात जिरून जातो. म्हणून सगळा खेळ निर्वात पेटीत आणि आरशांवर. मास्कसुद्धा आरसाच असतो. काचेच्या चौकोनी पाटीवर मॉलिब्डेनम आणि सिलिकनचे एकाआड एक ऐंशी थर चढवायचे, आणि त्या कोऱ्या आरशावर मग नक्षी.

भीती असते ती थरांखालच्या खड्ड्याची. काचेत दोन नॅनोमीटर खोल, म्हणजे डीएनएच्या धाग्याच्या जाडीएवढा खड्डा राहिला, तर वरचे ऐंशीच्या ऐंशी थर तिथे किंचित खचतात. साध्या प्रकाशाला त्याचा पत्ता लागत नाही. आखूड लहरींचं मात्र तिथे पाऊल चुकतं, आणि त्या जागची रेघ हवी त्यापेक्षा बारीक छापली जाते. म्हणून कोरी पाटी त्याच प्रकाशात तपासायची; सरळ परतणारा प्रकाश अडवायचा आणि विखुरलेला तेवढा टिपायचा. निर्दोष पाटी अवसेच्या आभाळासारखी काळी दिसते. खड्डा असेल तिथे एक चांदणी.

पण आभाळ पूर्ण काळं कधीच नसतं. यंत्राचे स्वतःचे आरसेही थोडा धूसर उजेड सांडतात. त्यातून खरी चांदणी निवडायला एका पाटीमागे नऊ तास लागत. ऋजुताने युक्ती काढली होती. एक उत्तम पाटी निवडायची, तिची शंभर चित्रं घेऊन ती यंत्राकडून पाठ करून घ्यायची, आणि प्रत्येक नव्या पाटीच्या चित्रातून ते पाठांतर जागच्या जागी वजा करायचं. धूसरपणा गळून जातो, दोष तेवढा उरतो. नऊ तासांचं काम चाळीस मिनिटांवर आलं.

नवी येणारी प्रत्येक पाटी जिच्याशी ताडून पाहिली जाई, त्या पाटीला सगळे 'सासूबाई' म्हणू लागले. खंडेनवमीला यंत्राच्या बाहेरच्या खिडकीला हळदकुंकू लागे आणि सासूबाईंच्या नावाने खण ठेवला जाई. रोज सकाळी पहिला मान त्यांचाच. त्यांना यंत्रात लावायचं, शून्य दोष दिसले की शबानाताईंनी वहीत शून्य लिहून सही करायची, आणि मग दिवस सुरू. दोन वर्षांत एकही सकाळ चुकली नव्हती.

सासूबाईंमधून सासूबाई वजा केल्या, तर शून्यच येणार.

हे ऋजुताला आत्ता, यंत्राच्या दारात उभ्या उभ्या कळलं.

"त्यांना परत आडवं लावा," ती म्हणाली.

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

चाळीस मिनिटं दोघी पडद्यासमोर बसून होत्या. खालच्या डाव्या भागात काळा ठिपका उमटला, वरच्या बाजूला पांढरा. ऋजुताने पाटी आणखी एक चतकोर फिरवायला सांगितली, आणि वेळ वाचवायला ठिपक्यांपुरताच भाग तपासायला लावला. पांढरा उजवीकडे गेला. आणखी एक चतकोर. पांढरा खाली आला. काळा होता तिथेच होता.

"हा पोरगा फिरतोय आणि ही म्हातारी जागची हलत नाही," शबानाताई म्हणाल्या.

"पांढरा सासूबाईंच्या अंगावर आहे, म्हणून त्यांच्याबरोबर फिरतोय. काळा यंत्राच्या पाठांतरात आहे." ऋजुताचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. "यंत्राला त्या जागी खड्डा असणं हेच बरोबर म्हणून शिकवलंय. मी शिकवलंय."

"पण नव्या पाट्यांना त्याच जागी खड्डा कशाला असेल? तो काय आईकडून आलेला तीळ आहे?"

ऋजुताने भांडारातून तीन वेगवेगळ्या महिन्यांतल्या, तपासून 'निर्दोष' ठरलेल्या पाट्या मागवल्या. तिन्ही आडव्या लावल्या. तिन्हींवर त्याच जागी चांदणी होती. पाट्या पुरवणाऱ्याकडे काच शेवटची गुळगुळीत करतात ती आयनांच्या झोताने. तो झोत प्रत्येक काचेवर पहिल्यांदा जिथे टेकत असेल, ती बहुधा हीच जागा.

"घराण्याचीच खोड म्हणायची," शबानाताई पुटपुटल्या. यावेळी त्यांचे डोळे हसले नाहीत.

खड्डा वेळीच दिसला असता तर फार काही बिघडणार नव्हतं. नक्षी जरा सरकवून तो तिच्या काळ्या भागाखाली झाकता येतो. ऋजुता बाहेर आली, झगा काढला आणि दोन वर्षांतल्या एकतीस मास्कच्या नक्ष्या एकेक उघडून त्या जागेवर बोट ठेवत गेली. सत्तावीस ठिकाणी खड्डा आपसूक झाकला गेला होता. उरलेल्या चारांपैकी तीन कच्च्या चाचणीचे मास्क होते, ते कधीच मोडीत गेले होते. चौथ्याचं नाव तिने वाचलं. मग पुन्हा वाचलं.

लोक त्याला 'बटण' म्हणत. कानामागे, कातडीखाली बसवलेलं, शर्टाच्या गुंडीएवढं. मेंदूत आकडीची पहिली चाहूल लागली की बटण उलटा हलकासा प्रवाह सोडून ती जागच्या जागी शमवतं. सरकारी योजनेतून अठरा हजार माणसांना बसवलेलं. त्या मास्कवर एका वेळी बारा चिप छापल्या जात. खड्डा सातव्या जागेवर होता. तिथली वीज नेणारी तार अर्ध्या जाडीची झाली होती. अशी तार पहिल्या दिवशी तुटत नाही. सगळ्या चाचण्यांत उत्तीर्ण होते. वाहता प्रवाह तिच्यातले अणू एकेक करून ढकलत राहतो, आणि वर्षभराने कधीतरी, काहीही न सांगता, ती तुटते.

तिच्या नवऱ्याला, हर्षदला, बटण बसवून तेरा महिने झाले होते.

हर्षद पोहायला शिकवायचा. चार वर्षांपूर्वी खोल पाण्यात त्याला पहिली आकडी आली, आणि त्याच्याच शिष्यांनी त्याला ओढून काढलं. त्यानंतर तीन वर्षं तो तलावाच्या कट्ट्यावर शिटी घेऊन बसला. बटण बसवल्यावर ज्या दिवशी तो परत पाण्यात उतरला, त्या दिवशी ऋजुताने ऑफिसात पेढे वाटले होते आणि म्हणाली होती, "आपल्याच मास्कवरचं आहे हं."

घड्याळात पावणेअकरा झाले होते. सकाळचा वर्ग अकरापर्यंत चालतो. तिने लावला, पण त्याचा फोन तिथल्या कपाटात नुसता वाजत राहिला. तिने वसाहतीच्या तलावावरच्या रखवालदाराला फोन लावला.

"गायकवाडकाका, हर्षदना पाण्याबाहेर बोलवा."

"आत्ता? अजून अर्धी बॅच पाण्यात आहे ताई."

"दुसरे सर आहेत ना? माझा डबा राहिलाय म्हणावं. आत्ता आणून द्या म्हणते."

"डब्यासाठी?" काका हसले. "बरं, बरं, सांगतो. बायकोचा हुकूम."

फोनमधून शिटी ऐकू आली, पाण्याचा आवाज, कुणीतरी हसलं. ऋजुता डोळे मिटून ऐकत होती. पाणी सपसप वाजत होतं, आणि वाजतच होतं.

"निघाले हो. शिडीवर आहेत. काय तोंड केलंय बघायला पाहिजे होतं तुम्ही."

तिने फोन ठेवला आणि ती तडक पेंढारकर सरांच्या खोलीत गेली.

कारखान्याचे प्रमुख पेंढारकर सर यांनी तिला मुलाखतीत निवडलं होतं, वीस वर्षांपूर्वी. त्यांनी तिचं सगळं बोलणं न अडवता ऐकलं.

"सर, बटणवाल्यांकडून सहा नग परत आले होते ना, बॅटरीची तक्रार म्हणून? त्यांचे क्रमांक आहेत?"

"ते बॅटरीचंच आहे. त्यांनीच तसं लिहिलंय."

"शेवटचे दोन आकडे वाचा फक्त. तो जागेचा क्रमांक असतो."

पेंढारकरांनी चष्मा लावून पत्र उघडलं. "शून्य सात," ते म्हणाले. मग, "शून्य सात." तिसरा त्यांनी वाचला नाही. पडदा तिच्याकडे वळवला. सहाही क्रमांक सारखेच संपत होते.

"ती माणसं?"

"पाच जण बरे आहेत. पुन्हा गोळ्या सुरू केल्यात."

"आणि सहावा?"

"मोटरसायकलवर होता."

पेंढारकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मला तीन आठवडे दे, ऋजुता," ते म्हणाले. त्यांचाही चेहरा उतरला होता. "मी दडपून टाकतोय असं समजू नकोस. पण अठरा हजार लोकांना एका दुपारी काय सांगणार? तुमच्या डोक्यातलं यंत्र कदाचित बंद पडेल? बारातल्या अकरांना काहीही झालेलं नाही. नुसत्या धास्तीनं, जागरणानं आकडी येते, हे तुला मी सांगायला नको. आधी चिप कापून बघू, खात्री करू. मग नीट, डॉक्टरांमार्फत."

"तीन आठवड्यांत किती तुटतील?"

"ते तू काढू शकतेस. मला नको सांगूस." त्यांनी फोन जवळ ओढला. "आणि हे बघ, हर्षदचं मी आज संध्याकाळपर्यंत मार्गी लावतो. पुण्यात माझे ओळखीचे सर्जन आहेत. गाजावाजा नाही. उद्या सकाळी नवं बटण."

ऋजुताच्या डोळ्यांसमोर फक्त हर्षद होता, ओले केस मागे सारत शिडी चढणारा. तिला हवं होतं ते सगळं कुणीतरी ताटात वाढून पुढे ठेवलं होतं. खरं सांगायचं तर 'हो' तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. तेवढ्यात फोन थरथरला. हर्षदचा निरोप होता: 'डबा ओट्यावर नाही. तू नेलायस. काय चाललंय?'

ती निरोपाकडे बघत राहिली. तिने आपल्या माणसाला खोटं सांगून पाण्याबाहेर काढलं होतं. एका फोनचं काम. बाकीच्यांना फोन कोण करणार होतं?

'पाण्यात जाऊ नकोस. मी येते,' एवढंच तिने लिहिलं. बटणाचं कार्ड त्याच्या पाकिटात असायचं. शेवटचे दोन आकडे विचारावेत, अशी तिला इतकी ओढ लागली की बोटं अक्षरांवर गेली. तिने ती मागे घेतली. सात नसेल, तर आपण इथून काय उत्तर देऊन उठू, याचा तिला भरवसा नव्हता. आधी सही. कार्ड मग.

"मी थांबापत्र काढतेय, सर," ती म्हणाली.

थांबापत्राचा नियम पेंढारकरांनीच केलेला होता. यंत्राची रचना करणारा आणि यंत्र चालवणारा, दोघांच्या सह्या पडल्या की 'वापर थांबवा' असं सांगणारं पत्र थेट सगळ्या ग्राहकांना जातं. वरचा कुणीही ते अडवू शकत नाही. चौदा वर्षांत ते एकदाही निघालं नव्हतं.

"दुसरी सही?" त्यांनी विचारलं.

"विचारते."

शबानाताई कॅन्टीनच्या पायरीवर चहा घेत बसल्या होत्या. ऋजुता त्यांच्या शेजारी बसली आणि तिने काही न लपवता सांगितलं. "यात लिहावं लागेल की पाटी आडवी लागली. आणि दोन वर्षांची सगळी शून्यं तुमच्या सहीची आहेत."

"आहेतच की. म्हणून तर माझी सही पाहिजे ना तुम्हाला?"

"नोकरीचं काही सांगता येत नाही, ताई."

"आणि तुमच्या नोकरीचं येतंय का सांगता?" त्यांनी कप खाली ठेवला. "मॅडम, रोज सकाळी बिस्मिल्ला म्हणून मी ते शून्य लिहायचे. सगळं ठीक आहे म्हणून. द्या इकडं."

त्यांनी नेहमीसारखीच सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली. पत्राच्या शेवटी 'संपर्क' असा एक रकाना होता. तिथे सहसा ऑफिसचा क्रमांक घालतात. ऋजुताने स्वतःचा घातला. अकरा वाजून पन्नास मिनिटांनी पत्र गेलं. साडेबाराला बटण बनवणाऱ्यांचा उलट फोन आला; त्यांनी स्वतःच्या नोंदी ताडून पाहिल्या होत्या, आणि ते काही वाद न घालता म्हणाले, "आम्ही सगळ्यांना निरोप पाठवतोय. पाणी, उंची, गाडी, तिन्ही बंद. गोळ्या सुरू." आणि पुढे, "तांत्रिक शंकांसाठी तुमचा नंबर देतोय."

तलाव दुपारी रिकामा असतो. हर्षद कट्ट्यावर बसला होता, कपडे बदलून. पाय मात्र सवयीने पाण्याच्या बाजूला होते. ऋजुताने त्याचा दंड धरून त्याला आधी मागे, भिंतीपाशी आणलं. तो हसणार होता, पण तिचा चेहरा बघून हसला नाही. तिने सांगितलं. खड्डा, तार, बारातली सातवी जागा. सांगताना ती त्याच्या कानामागच्या त्या छोट्या उंचवट्याकडे बघत होती.

"म्हणजे आत्ता बोलता बोलता बंद पडेल?"

"पडेल किंवा पडणार नाही. बंद पडलं तरी कळणार नाही."

"तुला कधी कळलं?"

"पावणेअकराला."

"म्हणून डबा." त्याने पाण्याकडे पाहिलं. "मी खोल पाण्यात होतो तेव्हा. दोन पोरं खांद्यावर होती."

त्याने पाकीट काढलं, कार्ड काढलं, आणि स्वतः न बघता तिच्या हातात दिलं. आकडे बारीक होते. तिला ते एकदम वाचता येईनात. शेवटाकडून बोट सरकवत तिने पाहिलं.

शून्य तीन.

ती तिथेच फरशीवर बसली आणि रडू आलं ते आवरलं नाही. हर्षद तिच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. त्याने विचारलं, "आणि ज्यांचं सात असेल ते?"

"दीड हजार," ती म्हणाली. हा आकडा तिने सकाळपासून एकदाही तोंडाने उच्चारला नव्हता.

तेव्हा फोन वाजला. अनोळखी क्रमांक.

"ते बटणाचं तुमीच का?" बाईचा आवाज. मागे मोठमोठ्याने काहीतरी फिरत होतं, काँक्रीटचं यंत्र असावं. "आमच्या मालकांना फिटा येत्यात, त्यांना बसवलंय. मेसेज आलाय, पण कार्डावर काय बघायचं त्ये समजंना. कार्ड माझ्याजवळ हाय."

"शेवटचे दोन आकडे वाचा, ताई."

"थांबा. शून्य... आन् सात."

ऋजुता उठून उभी राहिली. "ते आत्ता कुठे आहेत?"

"कामावरच. रंगाचं काम करत्यात. मी हितंच खाली वाळूवर हाय, त्ये वर परांचीवर." आणि मग, काहीतरी समजल्यासारखा आवाज बारीक झाला. "आठव्या मजल्याला."

"ताई, ऐका. ओरडून घाबरवू नका. बटणाचं नाव काढू नका. नुसतं खाली जेवायला बोलवा. डबा सांडला म्हणा, काहीही म्हणा. सावकाश उतरा म्हणा."

"फोन ठिवू?"

"नाही. चालू राहू दे."

बाईने हाक मारली. आवाजात कंप होता, पण शब्द रोजचेच होते. "अहो! या की खाली, जेवायला! भाकरी गार हुतीय!" वरून काहीतरी लांबचं, चिडकं उत्तर आलं. "या म्हणते ना!" ती पुन्हा म्हणाली.

मग बराच वेळ नुसतं ते यंत्र फिरत राहिलं. हर्षदने ऋजुताच्या कानाला कान लावला. त्याचा श्वास तिच्या गालाला लागत होता. मग लोखंडी शिडीवर एक पाऊल वाजलं, खूप वर कुठेतरी. थांबलं. दुसरं वाजलं.

ऋजुता मोजू लागली.